एक ‘टेंटेड लव्ह’, दोन तबकड्या

‘टेंटेड लव्ह’ म्हटलं की बहुतेकांच्या कानात सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडीचा सिंथ (सिंथेसायझर) वाजायला लागतो. पण गाणं त्यांचं नाही. ते एड कॉबनं लिहिलं आणि ग्लोरिया जोन्स या अमेरिकन गायिकेनं १९६४ मध्ये गायलं. १९६५ मध्ये रेकॉर्ड आली तेव्हा ते मागच्या बाजूला होतं, आणि पुढची बाजूसुद्धा चालली नाही.

ते वाचलं इंग्लंडमुळे. १९७३ मध्ये डीजे रिचर्ड सर्लिंगनं अमेरिकेतून एक जुनी प्रत आणली. उत्तर इंग्लंडच्या ‘नॉर्दर्न सोल’ क्लबांत, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतावर नाचणाऱ्यांच्या क्लबांत, अशाच पडेल, पण पायांना थांबू न देणाऱ्या रेकॉर्ड्सना मान होता. गाणं तिथं गाजलं. ब्लॅकपूलचा डेव्ह बॉल हेच संगीत ऐकत वाढला. लीड्सच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला मार्क आल्मंड भेटला आणि दोघांचं सॉफ्ट सेल झालं.

त्यांचं सिंगल १९८१ चं, निर्माता माइक थॉर्न. शब्द तेच, पण ब्रास, गिटार आणि खऱ्या ड्रम्सच्या जागी यंत्रं आली. आल्मंडच्या आवाजासाठी पट्टी खाली आणली, लय मंदावली. फरक मला इथेच जाणवतो : जोन्स धावत दार आपटून निघून जाते, आल्मंड मात्र ‘जातो, जातो’ म्हणत उंबऱ्यातच घुटमळतो. मला दुसरा जास्त खरा वाटतो, सोलवाले काहीही म्हणोत.

ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत १९८२ च्या सुरुवातीला यादीत शिरलं, ६४ पर्यंत चढलं, घसरत थेट १०० वर आलं आणि तिथून पुन्हा उठून आठव्या क्रमांकाला पोचलं. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या ‘हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एकूण ४३ आठवडे, तेव्हाचा विक्रम.

पैशाचं मात्र विचारू नका. मागच्या बाजूलाही त्यांनी सुप्रीम्स या अमेरिकन गायिकांच्या गटाचं गाणं घेतलं होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचं गीतलेखनाचं मानधन दुसऱ्यांकडे गेलं. स्वतःचं एखादं गाणं मागच्या बाजूला टाकलं असतं तरी लॉटरी लागली असती.

आणि ‘मूळ’ म्हणून जोन्सचं गाणं लावणार असाल तर साल तपासा. १९७६ मध्ये तिनं ते पुन्हा रेकॉर्ड केलं होतं, निर्माता टी. रेक्स या ब्रिटिश रॉक बँडचा मार्क बोलन. तेही पडलं.