फेकायचे दोन मणी: एक जाळणारा, एक कोंडणारा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, गोष्ट रचत खेळायच्या खेळात फेकून मारायचे जादूचे मणी दोन आहेत आणि नवे खेळाडू त्यांची हटकून गल्लत करतात. कारणही तसंच आहे. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनुसार दोन्ही ‘रेअर’ (दुर्मीळ), दोन्हींना अट्यूनमेंट (वस्तूशी आधी जादूचं नातं जोडणं) लागत नाही, दोन्ही एका ॲक्शनमध्ये, म्हणजे आपल्या पाळीतल्या एका कृतीत, ६० फुटांपर्यंत फेकता येतात, दोन्हींचा डेक्स्टेरिटी सेव्ह १५ चा, म्हणजे समोरच्याने २० बाजूंचा फासा टाकून, त्यात चपळाईचा आकडा धरून, १५ गाठले तर सेव्ह जमला. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या टेबलावर कुणी “भावा, मणी हाणू काय?” म्हटलं की डीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) पहिला प्रश्न असतो, “कुठला?”

नेकलेस ऑफ फायरबॉल्सचा मणी समजायला सोपा. हारातून तोडायचा, फेकायचा, २० फूट त्रिज्येत आग. सहा बाजूंचे ८ फासे, सरासरी २८ डॅमेज (इजा). सेव्ह जमला तरी निम्मं बसतंच. अख्खा हार एकदम फेकायचा मोह मात्र आवरा. पाच मणी एकत्र फेकले तर फासे १२ होतात, सरासरी ४२. तेच एकेक करून फेकले तर सरासरी बेरीज १४० होते. पुढचा टर्न (पाळी) मिळणारच नाही अशी वेळ असेल, तरच अख्खा हार फेकावा.

खरी गंमत बीड ऑफ फोर्समध्ये आहे. हा सुटा, काळा, पाऊण इंचाचा मणी. डॅमेज बघून लोक नाक मुरडतात: चार बाजूंचे ५ फासे, १० फूट त्रिज्या, आणि सेव्ह जमला तर काहीच नाही. पण डॅमेज ही त्याची किरकोळ बाजू. मणी फुटला की तिथे पारदर्शक गोळा तयार होतो. सेव्ह चुकलेला आणि पूर्ण आत असलेला जो कोणी, तो एक मिनिट, म्हणजे लढाईच्या दहा फेऱ्या (राउंड), आत कोंडला जातो. बाकीचे बाहेर ढकलले जातात. भिंतीतून फक्त श्वासापुरती हवा जाते.

आमची मोहीम, म्हणजे खेळातली गोष्ट, पन्हाळ्यावर रचलेली आहे. अंबरखान्याच्या गंगा कोठीत धान्याची पोती रचलेली, मधोमध दरोडेखोरांचा म्होरक्या आणि चार साथीदार. तिथे फायरबॉल म्हणजे कुणाच्या अंगावर नसलेलं, पेट घेणारं सगळं पेटणार. जे धान्य वाचवायला आलो तेच खाक. काळा मणी टाकला. म्होरक्या आत अडकला, चौघे बाहेर फेकले गेले. गोळ्याचं वजन आत कोणीही असो एकच पाउंड, म्हणून आमच्यातल्या एकाने तो उचलून बाहेर न्यायचं ठरवलं. पण २० फूट व्यासाचा गोळा दारातून जाणार कसा? राहिला तिथेच. तोवर चौघांना आडवं केलं, आणि गोळा विरला तेव्हा म्होरक्याभोवती आम्ही सगळे उभे.

एक विसरू नका: गोळ्यातून कुठलाही हल्ला आत जात नाही, तसाच बाहेरही येत नाही. म्हणून ज्याला लगेच मारायचंय त्याच्यावर हा मणी वाया घालवू नये. ज्याला लढाईतून थोडा वेळ बाजूला काढायचंय, त्याच्यावर टाकावा. अडकलेला प्राणी आतून भिंत ढकलत गोळा घरंगळवू शकतो, निम्म्या वेगाने का होईना, त्यामुळे उतारावर जपून.

लक्ष्य निवडताना चपळाई बघा. ओगर या धिप्पाड राक्षसाची डेक्स्टेरिटी (चपळाई) ८, त्यामुळे फाशातून १ वजा होतो, म्हणजे सुटायला त्याला फाशावर १६ किंवा जास्त लागतात. चारातल्या तीन वेळा तो अडकतो. चपळ चोर सहज निसटेल. आणि प्रचंड ड्रॅगनवर टाकूच नका, तो पूर्ण आत मावत नाही.