प्रवाळाआधी पाणी

प्रवाळ पाळण्यासाठी खाऱ्या पाण्याचा टँक सुरू केला की पहिला महिना-दीड महिना त्यात पाहण्यासारखं जवळजवळ काही नसतं. दगड, वाळू आणि पंपाने घुसळलं जाणारं पाणी. नवखा माणूस इथेच घाई करतो आणि प्रवाळ मरतात. खरं तर याच रिकाम्या दिवसांत टँक घडत असतो.

कुजणाऱ्या अन्नातून आणि माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं बरंच सौम्य असं नायट्रेट. हे जिवाणू मुख्यतः दगडांच्या बारीक छिद्रांत वस्ती करतात आणि फार सावकाश वाढतात. सुरुवातीला चिमूटभर मासेखाद्य टाकायचं आणि तपासत राहायचं. चाचणीच्या नळीतलं पाणी नायट्राइटमुळे गडद गुलाबी होतं, मग दिवसागणिक फिकट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकले की टँक तयार. मधेच काचेवर तपकिरी थर चढतो, पण घाबरू नका, ती डायटम शैवालं असतात आणि बहुधा आपोआप ओसरतात.

पाणी आरओ-डीआय गाळणीचंच घ्या (ही गाळणी पाण्यात विरघळलेले क्षार जवळजवळ सगळे काढून टाकते), नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि तांबं इथे घातक ठरतं. क्षारता लिटरला साधारण 35 ग्रॅम. आता सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो. 100 लिटरच्या टँकमध्ये साडेतीन किलो मीठ असतं. 5 लिटर पाणी उडून गेलं तरी मीठ तेवढंच राहतं, म्हणजे लिटरला जवळजवळ 37 ग्रॅम. ही तूट खाऱ्या पाण्याने भरली तर दर वेळी 175 ग्रॅम मीठ वाढत जाईल. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, रोज थोडी थोडी. छोट्या टँकमध्ये हे चढउतार झपाट्याने होतात, त्यामुळे नवख्याने जमेल तेवढा मोठा टँक घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींत एकपेशीय शैवालं राहतात. ती प्रकाशात साखर बनवतात आणि यजमानाला देतात. पाणी फार तापलं तर ही भागीदारी मोडते आणि प्रवाळ पांढरा पडतो. तापमान 25 अंशांच्या आसपास स्थिर ठेवा.

सुरुवात मशरूम किंवा लेदर प्रवाळांनी करावी. झोअँथिड नावाचे प्रवाळांचे नातलगही सोपे असतात, मात्र त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. हातमोजे घाला आणि झोअँथिड चिकटलेला दगड कधीही उकळू नका.

मशरूम तळाशी, मंद प्रकाशात ठेवा. आधी तो आकसून बसेल. एखाद्या सकाळी त्याची चकती पसरलेली दिसेल, कडा प्रवाहात हलत असतील. पुढे तो जागा बदलत सरकला, तर पायाचा एखादा तुकडा मागे राहतो. काही आठवड्यांनी त्या जागी बारीकसा नवा मशरूम उगवलेला असतो.