साळिंदराची उकर आणि जंगलाचा तळ

पहिला पाऊस पडून गेला की इंदूरजवळच्या महूच्या पुढे, चोरलच्या सागवानी जंगलात वाटेच्या कडेला ताजी उकर दिसते. वीतभर रुंद, चार बोटं खोल. एका बाजूला भुसभुशीत मातीचा ढीग आणि कधी काठावर पडलेला काळा-पांढरा काटा. रात्री साळिंदर कंद शोधत येऊन गेलेलं असतं.

जमीन अशी थोडी-थोडी हलवणाऱ्या जीवांचा नीट हिशेब पहिल्यांदा मांडला डार्विननं. १८४२ मध्ये त्यानं घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले. १८७१ मध्ये तिथं चर खणला, तर तुकडे ७ इंच खाली! वरची सगळी माती गांडुळांनी आणून टाकलेली. गांडुळांवरचं त्याचं पुस्तक १८८१ मध्ये आलं. १९४५ मध्ये ते नव्यानं छापलं गेलं, तेव्हा प्रस्तावना लिहिली सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी. १९२४ साली आपल्या इंदुरात सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे हे संचालक. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ त्यांचीच. इंदूरकर म्हणून मला याचा फार अभिमान वाटतो.

झाडोऱ्याच्या बाजूनं विचार नंतर आला. जंगल म्हणजे सतत जागा बदलणाऱ्या तुकड्यांची गोधडी, हे वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅलेक्स वॅट यांनी १९४७ मध्ये मांडलं. त्याच क्षेत्रातल्या पीटर ग्रब यांनी १९७७ मध्ये त्यापुढचा प्रश्न घेतला: बी रुजताना प्रत्येक जातीला नेमकं काय लागतं? या प्रश्नाचं मोल सागाच्या जंगलात चांगलं कळतं. सुपाएवढी पानं एकावर एक साचतात. बारीक बियांत साठा तो किती! त्यांचा कोंब या थरातून वर येत नाही, आणि काही बियांना तर उजेड दिसल्याशिवाय जागच येत नाही. उकरलं की थर फाटतो, पुरलेलं बी वर येतं. खड्ड्यात पाणी आणि पाला साठतो, ढीग मात्र लवकर सुकतो. म्हणजे हातभर जागेत दोन वेगळ्या जमिनी तयार होतात.

साळिंदराच्या उकरीचा सर्वांत सुंदर अभ्यास झाला इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात, यित्झाक गुटरमन यांच्या हातून. तिथलं साळिंदरही आपल्याकडच्याच जातीचं. जेमतेम १०० मिमी पावसाच्या त्या मुलखात वाहतं पाणी आणि वाऱ्यावरचं बी त्याच्या खड्ड्यांत अडकतं, आणि आसपासच्या जमिनीपेक्षा तिथं रोपं दाट उगवतात. खाऊन उरलेल्या कंदालाही पुन्हा फुटवा येतो. आपल्याकडे पाऊस भरपूर असला तरी उतारावर त्याचं पाणी थांबत नाही, म्हणून मला ही तुलना पटते.

पण जेसीबीनं खरवडलेल्या कडेला हे घडत नाही. तिथं टाकळा आणि घाणेरी माजते. तळ पुन्हा झाकला जातो, तोही एक-दोन जातींनीच.

श्रावणात त्या खड्ड्यापाशी परत गेलो. ढिगावर गवत होतं, आत केना, आणि काठाशी मुसळीची चार पानं.