ट्रकचं पासिंग ठरतं कशावर? वजनमर्यादेची पार्श्वभूमी

भाड्याने गाडी ठरवताना पहिला प्रश्न असतो, ‘पासिंग किती?’ उत्तर येतं, ‘नऊ टन’ किंवा ‘सोळा टन’. पण आरसी बुकात वजनाचे जे दोन आकडे असतात, त्यांत हा आकडा नसतो. एक असतो रिकाम्या गाडीच्या वजनाचा, दुसरा मालासकट एकूण वजनाचा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरतं ते पासिंग. म्हणूनच चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, जाड पत्र्याचा, भक्कम अँगलचा हौदा (माल भरायचा खोका) बांधून घेतला की पासिंग तेवढंच कमी होतं. कारखान्याने दिलेली एकूण वजनाची मर्यादा तीच राहते, तिच्यातला वाटा हौदा खातो. ही वजाबाकी न केल्यामुळे कित्येक गाडीमालक मुद्दाम जास्त माल न भरताही वजनकाट्यावर ओव्हरलोड ठरतात.

एकूण वजनाची ही मर्यादा आली कुठून? सुरुवात गाडीपासून झाली नाही, रस्त्यापासून झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रकची चाकं भरीव रबराची होती आणि ती खडीचे रस्ते उखडून टाकत. अमेरिकेत १९१३ मध्ये मेन, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी ट्रकच्या वजनावर पहिल्यांदा मर्यादा घातल्या. मेनमध्ये ती १८,००० पौंड होती, मॅसॅच्युसेट्समध्ये २८,०००. पुढे लक्षात आलं की रस्त्याचं नुकसान गाडीच्या एकूण वजनापेक्षा एकेका ॲक्सलवर, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, किती भार येतो यावर ठरतं. १९५६ च्या महामार्ग कायद्याने तिथल्या आंतरराज्य महामार्गांसाठी एका ॲक्सलवर १८,००० पौंडांची मर्यादा घातली.

हे नुकसान नेमकं किती, हे इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मोजलं गेलं. १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराच्या जवानांनी वेगवेगळ्या वजनाचे ट्रक, रस्त्यावर ॲक्सलचा भार अकरा लाखांहून जास्त वेळा पडेपर्यंत फिरवले. निष्कर्ष धक्कादायक होता. ॲक्सलवरचा भार दुप्पट केला, तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते. भार वाढतो त्याच्या चौथ्या घातात झीज वाढते. जगभरातल्या रस्ते अभियंत्यांनी हा नियम ठोकताळा म्हणून स्वीकारला.

ते १८,००० पौंड म्हणजे ८.१६ टन. भारतातही एका ॲक्सलची मर्यादा आधी हीच होती, आणि डांबरी रस्त्याचे थर किती जाड ठेवायचे याचा हिशेब आपल्याकडे आजही ८.१६ टनी ॲक्सल त्यावरून किती वेळा जाईल यावरच मांडतात. १९८३ मध्ये चार टायरच्या ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवर गेली. कागदावर वाढ पाव हिश्शाची दिसते. चौथ्या घाताचा नियम लावला तर एका फेरीची झीज जवळजवळ अडीच पट होते.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ५८ नुसार कोणत्या गाडीला किती वजन, हे केंद्र सरकार ठरवतं. १९९६ च्या अधिसूचनेतली बेरीज समजली की सगळं प्रकरण समजतं. पुढच्या ॲक्सलला ६ टन आणि मागच्या चार टायरच्या ॲक्सलला १०.२ टन, म्हणून सहाचाकी ट्रक १६.२ टनांचा. मागे जोड-ॲक्सल, म्हणजे एकामागे एक लागून दोन ॲक्सल, असेल तर १९ टन, म्हणून दहाचाकी २५ टनांचा. म्हणजे एकूण आकडा ही ॲक्सलच्या आकड्यांची बेरीज आहे. एकूण वजन बरोबर असूनही सगळा माल मागच्या फळक्याकडे सरकवून भरला तर मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर जातो आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंगची पकड सुटते. लोखंडाच्या कॉइलसारखा थोड्या जागेत खूप वजनाचा माल भरताना हे फार जपावं लागतं.

गाडी स्वतः किती पेलते, हा वेगळा प्रश्न. टायर, ब्रेक, ॲक्सल, चेसिस आणि पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) यांपैकी जे सगळ्यांत कमजोर, तीच गाडीची खरी मर्यादा. पाटे वाढवले की भरलेली गाडी बसलेली दिसत नाही, पण ब्रेक आणि टायर होते तेच राहतात. हा धोका खंडाळ्याच्या घाटात कळतो. खोपोलीकडे उतरताना वाढीव पाच-सात टनांची सगळी ऊर्जा ब्रेकच्या ड्रमला पचवावी लागते. ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. त्यात डिझेल वाचवायला कुणी न्यूट्रल टाकली, तर इंजिनाचा आधारही जातो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही सोळा आणे खरा आहे, पण तोसुद्धा पासिंगमध्ये भरलेल्या गाडीसाठी.

मग ओव्हरलोड थांबत का नव्हतं? भाडं टनावर मिळतं, आणि डिझेल थोडं सोडलं तर टोल, ड्रायव्हरचा पगार, गाडीचा हप्ता हा खर्च फेरीला ठरलेला असतो. त्यामुळे वरच्या प्रत्येक टनाचं भाडं जवळजवळ निव्वळ सुटतं. सगळेच जादा भरू लागले की टनाचा दर पडतो, आणि नियमात चालणाऱ्याला धंदा परवडत नाही. त्यात काही राज्यांनी आगाऊ पैसे घेऊन ‘गोल्ड कार्ड’ दिली. दंड आधीच भरलेला, मग जादा माल घेऊन खुशाल जा. सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन खटल्यात नोव्हेंबर २००५ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरवली. नुसता दंड घेऊन गाडी सोडता येणार नाही, जादा माल उतरवलाच पाहिजे, असं बजावलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय आहे, कारण त्याने ओव्हरलोडला परवान्याचा दर्जा मिळू दिला नाही.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने मर्यादा पुन्हा वाढवल्या. चार टायरच्या ॲक्सलला ११.५ टन, जोड-ॲक्सलला २१ टन. सहाचाकी १६.२ वरून १८.५ टनांवर, दहाचाकी २५ वरून २८.५ वर आणि सगळ्यांत मोठी मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. गाड्या सुधारल्या आहेत, हे खरंच. पण ११.५ टनांच्या ॲक्सलखाली जुन्या रस्त्याची झीज १०.२ टनांपेक्षा साठ टक्क्यांनी जास्त होते, हा हिशेब तेव्हा फार थोड्यांनी मांडला. आणि अधिसूचना निघाली म्हणून जुन्या गाडीच्या आरसी बुकातला आकडा आपोआप बदलत नाही. कलम ११३ नुसार बंधन त्या नोंदलेल्या आकड्याचंच.

सप्टेंबर २०१९ पासून ओव्हरलोडचा दंड २,००० वरून २०,००० रुपये झाला, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. रस्त्यात अडवला जातो तो ड्रायव्हर. खरं तर किती भरायचं हे त्याच्या हातात क्वचितच असतं. कायद्याला हे ठाऊक आहे. ड्रायव्हर मालक नसेल तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला, असं न्यायालयाला गृहीत धरता येतं, ही तरतूद कलम ११३ मध्येच आहे. कलम १९४ चा दंडही नुसता चालवणाऱ्याला नाही, तर चालवायला लावणाऱ्यालाही आहे. ज्या ड्रायव्हरवर जादा माल लादला जातो त्याने काट्याची पावती आणि भरणीची चिठ्ठी जपून ठेवावी. माल कुणाच्या सांगण्यावरून भरला, हे दाखवायला तोच त्याच्याकडचा कागद असतो.