हॉल की एएमआर: शाफ्टच्या टोकाशी बसणाऱ्या दोन सारख्या चिप

मोटरच्या शाफ्टच्या टोकाला एक छोटा गोल चुंबक बसवलेला असतो. त्या चकतीचा अर्धा भाग उत्तर ध्रुव असतो आणि उरलेला अर्धा दक्षिण ध्रुव. त्याच्या समोर, एक-दोन मिलिमीटरच्या फटीपलीकडे, एक काळी चिप असते. शाफ्ट फिरला की चुंबक फिरतो आणि चिप कोन सांगते. ती हॉल प्रकारची आहे की एएमआर (अ‍ॅनिसोट्रॉपिक मॅग्नेटोरेझिस्टन्स, म्हणजे चुंबकनाच्या दिशेप्रमाणे विद्युतरोध बदलणे) प्रकारची, हे नुसते पाहून कळत नाही. दोन्हींमध्ये साइन आणि कोसाइन असे दोन संकेत तयार होतात व त्यांच्या गुणोत्तरावरून कोन काढला जातो, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी लावली तरी चालेल असे सहज वाटते. प्रत्यक्षात हॉलची पट्टी आपल्यातून किती चुंबकीय क्षेत्र जाते ते मोजते, तर एएमआरचा थर ते क्षेत्र कोणत्या दिशेला आहे एवढेच पाहतो. पुढचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

वीज वाहणाऱ्या सोन्याच्या पातळ पत्र्याला लंब असे चुंबकीय क्षेत्र लावले की पत्र्याच्या आडव्या दिशेने अल्पसे व्होल्टेज निर्माण होते, हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवले. आजच्या चिपमध्ये सोन्याऐवजी सिलिकॉन असते, म्हणून संवेदक पट्टी, प्रवर्धक आणि कोन काढणारे मंडल एकाच तुकड्यावर मावतात. सर्वांत साध्या हॉल पट्टीला फक्त चिपला लंब असलेले क्षेत्र कळते. त्यामुळे अशा चार पट्ट्या एका छोट्या वर्तुळावर मांडून समोरासमोरच्या जोडीतील फरक घेतात. एका जोडीतून साइन मिळतो, दुसरीतून कोसाइन, आणि पूर्ण ३६० अंशांत कोणताही कोन दोनदा येत नाही.

एएमआरचा पाया त्याहून जुना आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांना १८५० च्या दशकातच लोखंड आणि निकेल यांचा विद्युतरोध चुंबकनाच्या दिशेप्रमाणे बदलतो असे आढळले होते. आज त्यासाठी निकेल आणि लोह यांच्या पर्मलॉय या मिश्रधातूचा अतिशय पातळ थर वापरतात. चुंबकन विजेच्या प्रवाहाला समांतर असताना त्याचा रोध सर्वाधिक असतो, लंब असताना सर्वांत कमी, आणि हा सगळा फरक जेमतेम दोन-तीन टक्क्यांचा असतो. मात्र प्रवाहाच्या दिशेने असलेले क्षेत्र आणि त्याच्या बरोबर उलट असलेले क्षेत्र यांत या थराला भेद करता येत नाही. रोध दोन्ही वेळा तोच येतो, म्हणून एएमआर सेन्सरचे वाचन दर १८० अंशांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

या मर्यादेचा परिणाम मोटर सुरू करताना दिसतो. मोटरचा नियंत्रक शाफ्टच्या कोनाला रोटरच्या (फिरणाऱ्या भागाच्या) ध्रुवजोड्यांच्या संख्येने गुणून विद्युत कोन काढतो आणि त्याप्रमाणे प्रवाह सोडतो. रोटरला ध्रुवांच्या चार जोड्या असतील, तर शाफ्टचा अर्धा फेरा म्हणजे विद्युत कोनाचे बरोबर दोन पूर्ण फेरे. सेन्सर कोणत्या अर्ध्यात आहे हे कळले नाही तरी नियंत्रकाचे काही बिघडत नाही. जोड्या सात असतील, तर त्याच अर्ध्या फेऱ्यात विद्युत कोनाचे साडेतीन फेरे होतात. मग सुरुवातीच्या निम्म्या स्थितींत नियंत्रक विद्युत कोन १८० अंशांनी चुकीचा धरतो आणि मोटर ओढायची त्याऐवजी उलट्या दिशेने झटका देते. ध्रुवजोड्या सम असतील तर या बाबतीत एएमआर निर्धास्त वापरावा. विषम असतील तर कोणता अर्धा हे सांगणारी हॉल पट्टी सोबत असलेली चिप घ्यावी. जीएमआर आणि टीएमआर हे रोधावर चालणारे सेन्सर ही या कुळातील पुढची मंडळी. त्यांच्यात एका थराची चुंबकीय दिशा कायमची बांधलेली असते, म्हणून त्यांना ३६० अंश कळतात.

एएमआरचे बलस्थान वेगळे आहे. चुंबक पुरेसा जोरकस असला की पर्मलॉयचा थर संपृक्त होतो, म्हणजे त्याचे चुंबकन पूर्णपणे क्षेत्राच्या दिशेला वळते, आणि त्यापुढे क्षेत्र वाढो की कमी होवो, वाचन जवळपास तेच राहते. तापल्यामुळे चुंबक थोडा दुबळा झाला किंवा बेअरिंगच्या ढिलाईने फट किंचित वाढली, तरी कोन हलत नाही. हॉलमध्येही दोन्ही संकेत एकाच प्रमाणात घटतात आणि गुणोत्तर टिकते, हे खरे. पण पट्टीचा स्वतःचा शून्यदोष, म्हणजे क्षेत्र नसतानाही दिसणारा संकेत, घटत नाही. एका संकेतातील शून्यदोष संकेताच्या कमाल पातळीच्या १ टक्का असेल, तर कोनात सुमारे ०.५७ अंशाची चूक येते. फट वाढून संकेत निम्मा झाला की तीच चूक १.१५ अंशांवर जाते.

यावरून एएमआरवर बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होत नाही असा समज पसरलेला दिसतो, आणि तो साफ चुकीचा आहे. विद्युत वाहनात १०० अँपिअर वाहणारी केबल चिपपासून २ सेंटिमीटरवरून गेली, तर तिथे सुमारे १ मिलिटेस्ला क्षेत्र तयार होते. चुंबकाचे क्षेत्र ५० मिलिटेस्ला असेल आणि केबलचे क्षेत्र चिपच्या प्रतलातच त्याला लंब असेल, तर त्यांच्या बेरजेची दिशा सुमारे १.१५ अंशांनी वळते. एएमआर ही वळलेली दिशाच इमानाने सांगतो आणि चार ध्रुवजोड्यांच्या मोटरमध्ये ती चूक विद्युत कोनात ४.६ अंशांची होते. चार पट्ट्यांची हॉल चिप इथे उजवी ठरते, कारण एवढ्याशा चिपवर केबलचे क्षेत्र सगळीकडे जवळपास सारखे असते आणि जोडीतला फरक घेताना ते वजा होऊन जाते. सर्वच हॉल चिपची रचना मात्र अशी नसते, त्यामुळे डेटाशीटमध्ये बाह्य क्षेत्राविषयीची ओळ वाचल्याशिवाय हे गृहीत धरू नये.

म्हणून ॲक्सिलरेटर पेडलसारख्या, अर्ध्या फेऱ्याच्या बऱ्याच आत हलणाऱ्या आणि जाड केबलपासून दूर असलेल्या भागात मी एएमआरला पसंती देईन. ट्रॅक्शन मोटरच्या (वाहन ओढणाऱ्या मोटरच्या) टोकाशी, तिला वीज पुरवणाऱ्या जाड फेज केबलच्या शेजारी, फरक घेणाऱ्या हॉल चिपला. जुन्या जुळणीतली चिप कोणती हे ठाऊक नसेल आणि तिचे कच्चे संकेत बाहेर आणलेले असतील, तर ऑसिलोस्कोप (संकेताची लहर पडद्यावर दाखवणारे उपकरण) लावून शाफ्ट हाताने एक पूर्ण फेरा हळूहळू फिरवावा. पडद्यावर साइनची एक लहर पूर्ण झाली तर एएमआर नाही हे नक्की; दोन झाल्या तर समोर एएमआरच आहे.