एक्सेलचा मॅक्रो ‘लायब्ररी सापडत नाही’ म्हणून अडला तर

आमच्याकडून बिलिंग, पगारपत्रक किंवा स्टॉकची मॅक्रो फाइल घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवा कॉम्प्युटर आला, ऑफिसची आवृत्ती बदलली किंवा फाइल दुसऱ्या शाखेत गेली, की कालपर्यंत बटण दाबताच निघणारे बिल आज अडते. मॅक्रोच्या, म्हणजे बटणामागे चालणाऱ्या सूचनांच्या, कोडची खिडकी आपोआप उघडते आणि ‘कम्पाइल एरर: कॅन्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’ असा चौकोन येतो. लायब्ररी म्हणजे मॅक्रोला लागणाऱ्या तयार कोडची वेगळी फाइल; ती या मशीनवर सापडत नाही, एवढाच याचा अर्थ. घाबरू नका. तुमच्या नोंदी जागेवर असतात, फाइलही बिघडलेली नसते. (मेन्यूंची नावे आम्ही इथे देवनागरीत लिहिली आहेत, स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील.)

आधी खात्री करा की एरर हीच आहे

मॅक्रो न चालण्याची कारणे बरीच आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. फाइल उघडताच वर लाल पट्टी आली आणि मॅक्रो ब्लॉक केल्याचे लिहिले असेल, तर फाइल मेलने किंवा इंटरनेटवरून आली म्हणून विंडोजने तिच्यावर खूण केली आहे. फाइल बंद करा, तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, खाली ‘अनब्लॉक’वर टिक करा आणि ओके म्हणा. कोड ६४-बिट सिस्टिमसाठी अपडेट करा असा संदेश असेल, तर तो कोडच्या डिक्लेअर ओळींचा प्रश्न आहे. फाइल आमच्याकडे पाठवा. हे पत्रक फक्त ‘लायब्ररी’ असा शब्द असलेल्या एररसाठी आणि तिच्या सख्ख्या बहिणीसाठी, म्हणजे ‘युजर-डिफाइन्ड टाइप नॉट डिफाइन्ड’साठी आहे.

निळा झालेला शब्द निर्दोष असतो

एरर येताना कोडमधला एक शब्द निवडला जातो. बहुतेक वेळा तो डेट, लेफ्ट, ट्रिम, फॉरमॅट असा अगदी साधा, वर्षानुवर्षे चालत आलेला शब्द असतो. तो बदलून काही होत नाही. व्हीबीए (एक्सेलचे मॅक्रो जिच्यात लिहितात ती भाषा) प्रत्येक नावाचा अर्थ लावण्यासाठी फाइलला जोडलेल्या लायब्ऱ्यांची यादी पाहते. यादीतली एखादी लायब्ररी या मशीनवर नसेल, तर शोध तिथेच फसतो आणि दोष त्या क्षणी वाचल्या जाणाऱ्या शब्दावर येतो. अशा शब्दाआधी ‘व्हीबीए’ आणि टिंब लावा, हा सल्ला इंटरनेटवर हमखास मिळतो. ती एक ओळ त्याने सुटते खरी, पण पुढची अडते. शेकडो ओळींच्या कोडमध्ये हा उद्योग करू नये.

दुरुस्ती

फाइलची प्रत काढून तिच्यावरच काम करा.

१. एररच्या चौकोनात ओके म्हणा. वरच्या टूलबारवरचे निळ्या चौकोनाचे ‘रीसेट’ बटण दाबा. हे राहिले तर पुढचा मेन्यू राखाडी दिसतो आणि दाबला जात नाही. निम्मे फोन आम्हाला याच पायरीवरून येतात.
२. कोडची खिडकी उघडी नसेल तर आल्ट आणि एफ११ एकत्र दाबा. डावीकडच्या यादीत आपल्याच फाइलचे नाव निवडा. दोन-तीन फाइली उघड्या असतील तर भलत्याच फाइलची यादी उघडते, म्हणून बाकीच्या आधी बंद केलेल्या बऱ्या.
३. टूल्स मेन्यूतून ‘रेफरन्सेस’ उघडा. टिक केलेल्या ओळी वर असतात. त्यांत ‘मिसिंग:’ने सुरू होणारी ओळ शोधा. अशा एकाहून जास्त ओळीही असू शकतात, त्यामुळे टिक संपेपर्यंत खाली जा.
४. ती ओळ जशीच्या तशी लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. चौकोनाच्या तळाशी ‘लोकेशन’पुढे मूळ फाइलचा मार्ग दिसत असेल तर तोही घ्या. नेमके काय हरवले हे सांगणारी हीच एक जागा आहे.
५. टिक काढा, ओके म्हणा.
६. डीबग मेन्यूतले पहिलेच ‘कम्पाइल’ दाबा (त्याने कोड न चालवता तपासला जातो). काहीच झाले नाही, तर ती लायब्ररी कोडमध्ये वापरलीच जात नव्हती. फाइल एक्सएलएसएम म्हणूनच सेव्ह करा. एक्सएलएसएक्स निवडले तर सगळा कोड जातो.

कम्पाइल करताना ‘युजर-डिफाइन्ड टाइप नॉट डिफाइन्ड’ आले, तर कोडला ती लायब्ररी खरोखर लागते. मग पुढचा भाग वाचा. फाइलला पासवर्ड लावलेला असेल तर तो टाकल्याशिवाय रेफरन्सेस उघडत नाही. पासवर्ड आमच्याकडे नोंदवलेला असतो.

नेहमी हरवणाऱ्या लायब्ऱ्या

सगळ्यांत जास्त तक्रारी ‘मायक्रोसॉफ्ट आउटलुक १६.० ऑब्जेक्ट लायब्ररी’च्या. बिल मेलने पाठवणाऱ्या आमच्या जुन्या फाइलींमध्ये ती जोडलेली होती. आकड्यावरून ऑफिसची आवृत्ती कळते: १२.० म्हणजे २००७, १४.० म्हणजे २०१०, १५.० म्हणजे २०१३. २०१६, २०१९, २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ या सगळ्यांचा आकडा १६.० आहे. तेरा क्रमांक मायक्रोसॉफ्टने वापरलाच नाही.

यातली गोम अशी. जुन्या ऑफिसची फाइल नव्यात उघडली की एक्सेल हा आकडा स्वतःहून वाढवते, न विचारता. उलट दिशेने मात्र कमी करत नाही. समजा फाइल सामायिक फोल्डरमध्ये आहे, हिशेबनिसाच्या मशीनवर ३६५ आहे आणि गोदामातल्या मशीनवर २०१३. सकाळी हिशेबनिसाने फाइल उघडून सेव्ह केली की दुपारी गोदामात मॅक्रो अडतो. गोदामातल्या माणसाने कशालाही हात लावलेला नसतो! म्हणून दुरुस्ती नेहमी सर्वांत जुन्या ऑफिसवर करून तिथेच सेव्ह करा. नव्या मशीनवर नुसते पाहायचे असेल तर ‘रीड-ओन्ली’ उघडा.

दुसरी तक्रार तारीख निवडण्याच्या छोट्या कॅलेंडरची. एमएससीओएमसीटी२ या ओसीएक्स (फॉर्मवर ठेवायच्या तयार वस्तूंच्या) फाइलमधून ते येते आणि यादीत ‘विंडोज कॉमन कंट्रोल्स-२ ६.०’ असे दिसते. ही फाइल ३२-बिटचीच आहे आणि ६४-बिट ऑफिसला ती चालत नाही. ऑफिस २०१९ पासून आपोआप ६४-बिट बसते, त्यामुळे नवे मशीन घेतले की कॅलेंडर गेले. इथे टिक काढूनही भागत नाही, कारण फॉर्मवर ते कॅलेंडर ठेवलेले असते. फॉर्म उघडताना ही वस्तू या मशीनवर उपलब्ध नाही असा संदेश येत राहतो.

तुमचे ऑफिस किती बिटचे आहे ते फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल इथे पहिल्या ओळीच्या शेवटी दिसते. विंडोज ६४-बिट असून ऑफिस ३२-बिट असणे सर्रास आढळते, तेव्हा विंडोजकडे नव्हे, ऑफिसकडे पाहा. ऑफिस ३२-बिट असेल तर ओसीएक्स फाइल विंडोज फोल्डरातल्या ‘सिसवाऊ६४’ फोल्डरमध्ये ठेवून, त्याच फोल्डरातल्या रेगएसव्हीआर३२ या प्रोग्रामने विंडोजकडे नोंदवावी लागते. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, नाहीतर नोंदणी नाकारली जाते. फोल्डरच्या नावात ६४ असले तरी ३२-बिटच्या फाइली तिथेच राहतात. नाव फसवे आहे. अनोळखी साइटवरून ओसीएक्स किंवा डीएलएल उतरवू नका, ती आमच्याकडून मागा. ऑफिस ६४-बिट असेल तर हा खटाटोपच नको. आम्ही साध्या बटणांचे कॅलेंडर बसवून देतो, त्याला कुठलीच बाहेरची लायब्ररी लागत नाही.

घाईत कॅलेंडर काढून तिथे नुसता टेक्स्ट बॉक्स ठेवणाऱ्यांना एक इशारा. ०५-०८ ही पाच ऑगस्ट की आठ मे, हे विंडोजच्या रीजन सेटिंगवर ठरते. दिवस, महिना, वर्ष हे तीन वेगळे रकाने ठेवून तारीख कोडमध्ये जोडली, तर घोळ होत नाही.

‘मिसिंग: सॉल्व्हर’ (एक्सेलसोबत येणारे गणिती अ‍ॅड-इन) दिसले तर टिक काढण्याआधी फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, खाली ‘गो’ या मार्गाने सॉल्व्हर चालू करून पाहा. मिसिंगपुढे एखाद्या एक्सेल फाइलचेच नाव असेल, तर ती जुन्या मशीनच्या डी ड्राइव्हवर राहिली असणार. आणून ठेवा आणि ‘ब्राउज’ने पुन्हा जोडा.

रेफरन्सेसमधले वर-खाली बाण चाळा म्हणून दाबू नका. एडीओ आणि डीएओ या डेटाबेसमधून माहिती आणणाऱ्या दोन्ही लायब्ऱ्यांत ‘रेकॉर्डसेट’ नावाची वस्तू आहे आणि कोड वरच्या लायब्ररीतली घेतो. क्रम बदलला की काल चालणारा रिपोर्ट आज ‘टाइप मिसमॅच’ म्हणतो.

कायमचा उपाय

टिक काढणे-लावणे ही मलमपट्टी. खरा उपाय म्हणजे लायब्ररी आधीपासून न जोडता, कोड चालताना ती मागणे, ज्याला ‘लेट बाइंडिंग’ म्हणतात. कोडमध्ये ‘आउटलुक डॉट अ‍ॅप्लिकेशन’ प्रकारचा व्हेरिएबल (मूल्य ठेवण्यासाठी कोडमध्ये दिलेले नाव) असतो तो नुसता ‘ऑब्जेक्ट’ करायचा आणि ‘न्यू’च्या जागी ‘क्रिएटऑब्जेक्ट’ वापरायचे. मग यादीत आउटलुकची ओळच राहत नाही आणि २०१० असो वा ३६५, तीच फाइल चालते.

स्वतः करणार असाल तर एका ठिकाणी जपा. लायब्ररी काढली की तिची तयार नावेही जातात. आउटलुकमध्ये ‘ओएल मेल आयटम’ म्हणजे ०, ‘ओएल अपॉइंटमेंट आयटम’ म्हणजे १. मॉड्यूलच्या (कोडच्या पानाच्या) माथ्यावर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ नसेल तर व्हीबीए अनोळखी नावाला रिकामे व्हेरिएबल समजते, म्हणजे शून्य. मेलचा कोड नशिबाने चालतो, पण अपॉइंटमेंटच्या जागी कोरा मेल तयार होतो आणि ही चूक लगेच ध्यानात येत नाही. म्हणून ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ आधी लिहा, कम्पाइल करा, आणि जे नाव अडेल तिथे आकडा घाला.

लेट बाइंडिंगमुळे मशीनवर नसलेले सॉफ्टवेअर हजर होत नाही. आउटलुक नसेल तर ‘एरर ४२९’ येते, पण फक्त मेलच्या बटणावर. बाकीची फाइल चालू राहते. विंडोजमधल्या ‘न्यू आउटलुक’लाही मॅक्रोमधून हुकूम देता येत नाही, त्यासाठी जुने क्लासिक आउटलुक हवे. मॅकवर तर आउटलुकला मॅक्रोतून बोलावण्याचा हा मार्गच नाही.

मजकुरातून जीएसटी क्रमांक शोधणाऱ्या काही फाइलींत ‘व्हीबीस्क्रिप्ट रेग्युलर एक्स्प्रेशन्स ५.५’ जोडलेली आहे. विंडोजमधून व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने काढणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केले, आणि २०२७ च्या सुमारास ती मुद्दाम चालू केल्याशिवाय बंदच ठेवण्याचे वेळापत्रक आहे. ही ओळ तुमच्या यादीत दिसली तर आज काही अडत नसले तरी आम्हाला कळवा. ‘स्क्रिप्टिंग रनटाइम’ ही वेगळी लायब्ररी आहे, तिला हात लावू नका.

आमच्याकडे फाइल पाठवताना

रेफरन्सेसच्या चौकोनाचा फोटो, ऑफिसची आवृत्ती आणि बिट, आणि ही फाइल आणखी कोणत्या मशीनवर उघडली जाते त्यांची आवृत्ती, एवढे द्या. तिसरी माहिती बहुतेक जण विसरतात आणि दुरुस्त फाइल आठवड्यात परत येते. पगाराचे व ग्राहकांचे खरे आकडे काढून नमुन्याच्या चार ओळी ठेवल्यात तरी पुरते. टिक लावताना सिस्टिम रजिस्ट्रीबद्दल (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीबद्दल) एरर आली किंवा नवे ऑफिस काढून जुने बसवल्यावर हा त्रास सुरू झाला असेल, तर कंट्रोल पॅनेलमधून ऑफिसचे ‘क्विक रिपेअर’ चालवा. न सुटल्यास ‘ऑनलाइन रिपेअर’, ज्याला इंटरनेट आणि बराच वेळ लागतो. रजिस्ट्रीत स्वतः काही पुसू नका.