गोव्यात वनहक्काचा दावा: पात्रता, पुरावे आणि दावा प्रलंबित असताना पोलिसांसमोरचे हक्क

सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे आणि काणकोण या तालुक्यांतील डोंगराळ वाड्यांवर अशी कितीतरी कुटुंबे आहेत, जी पणजोबांनी लावलेल्या काजूंखाली आजही बिया वेचतात, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीवर) त्या जमिनीपुढे त्यांचे नाव नसते. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ हा कायदा अशाच कुटुंबांसाठी आहे, आणि वननिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय दूर करणे हा आपला हेतू असल्याचे त्याच्या उद्देशिकेतच नमूद आहे. कायदा ३१ डिसेंबर २००७ रोजी अमलात आला, त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी निघाले आणि ६ सप्टेंबर २०१२ रोजी त्यांत महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. गोव्यात दहा हजारांच्या आसपास दावे दाखल झाले, मात्र त्यांतील फार मोठा भाग वर्षानुवर्षे रखडला. म्हादई अभयारण्य व लगतचा भाग व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये दिला, तेव्हा वननिवासींचे दावे बारा महिन्यांत निकाली काढण्याचेही निर्देश त्याच निकालात दिले होते.

दावा भरण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असावी. या कायद्याखाली सरकारकडे जमीन मागितली जात नाही. जो हक्क कसणुकीतून आणि वहिवाटीतून आधीच निर्माण झालेला आहे, त्याची कागदोपत्री नोंद करून घेतली जाते. म्हणून अर्जाची भाषा विनंतीची नसावी, आणि कार्यालयातल्या खिडकीसमोर उभे राहतानाही हे विसरू नये.

दावा कोणाला करता येतो

गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांचा गोव्यातील अनुसूचित जमातींच्या यादीत २००३ साली समावेश झाला. २०११ च्या जनगणनेत राज्यातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १,४९,२७५ नोंदली गेली. या समाजातील दावेदाराला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: तो प्रामुख्याने वनजमिनीवर राहतो आणि उपजीविकेच्या खऱ्याखुऱ्या गरजांसाठी तिच्यावर अवलंबून आहे, आणि ती जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून त्याच्या ताब्यात आहे. सक्षम महसुली अधिकाऱ्याने दिलेला जमातीचा दाखला अर्जासोबत जोडावा.

धनगर-गवळी समाजाची वाट अधिक खडतर आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा ही त्यांची मागणी जुनी असली तरी गोव्यात तो त्यांना मिळालेला नाही, त्यामुळे त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागतो. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनात वास्तव्य आणि वनावर उपजीविका असल्याचे दाखवावे लागते. हिशेब मांडला तर तो डिसेंबर १९३० पर्यंत मागे जातो, म्हणजे मुक्तीच्या ३१ वर्षे आधी, पोर्तुगीज अमलात. त्या काळात गुरे घेऊन डोंगरातून फिरणाऱ्या माणसाच्या नावे कागद कोण करणार होते? मात्र ७५ वर्षांची अट कुटुंबाच्या किंवा समाजाच्या वनातील वास्तव्याला आहे. दाव्यातला नेमका तोच तुकडा तितकी वर्षे कसला पाहिजे, असा तिचा अर्थ नाही. कसणुकीच्या तुकड्यासाठी २००५ ची तारीखच लागू पडते. हा फरक न कळल्यामुळे पुष्कळ जण अर्जच भरत नाहीत.

वैयक्तिक दाव्यात प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढ्याच जमिनीवर, आणि जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, हक्क मिळतो. वैयक्तिक दाव्यासाठी नमुना ‘अ’, गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून वनातून मिळणाऱ्या वस्तू), चराई, पाणवठे यांसारख्या सामूहिक हक्कांसाठी नमुना ‘ब’ आणि सामूहिक वनसंपत्तीच्या राखणीसाठी व व्यवस्थापनासाठी नमुना ‘क’ आहे. हे नमुने विनामूल्य मिळतात.

पुरावे: कागदाआधी जमीन वाचावी

वनहक्क नियमांतील नियम १३ मध्ये पुराव्यांची लांबलचक यादी आहे आणि त्यांपैकी किमान दोन जोडणे आवश्यक आहे. मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, सर्वेक्षणाचे नकाशे, वन खात्याच्या जुन्या चौकशीचे किंवा दंडाचे कागद, न्यायालयाचे आदेश हे सर्व चालते. पण कागद नसलेल्या कुटुंबांसाठी यादीतील पुढचा भाग खरा मोलाचा आहे. घर, झोपडी, जमिनीचे केलेले सपाटीकरण, बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थान अशा प्रत्यक्ष खुणा. पूर्वजांशी नाते दाखवणारी वंशावळ. आणि स्वतः दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या व्यक्तीचे लेखी नोंदवलेले निवेदन, हे सगळे कायद्याच्या दृष्टीने पुरावेच आहेत. उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीला अमुकच प्रकारचा कागद आणा असा आग्रह धरता येत नाही. उपग्रहाच्या छायाचित्रांचा इतर पुराव्यांना आधार म्हणून उपयोग होऊ शकतो, पण त्यांची जागा ती घेऊ शकत नाहीत. झाडांच्या छत्राखाली लपलेली मेर (हद्दीचा बांध) वरून दिसत नाही.

सांग्याकडच्या एका वाड्यावर अर्ज भरायला मदत करत होतो, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या आजोबांनी ‘आमच्याकडे काही नाही’ असे सांगून हात झटकले. दुपारी त्यांच्याच मागून काजूच्या मळ्यात गेलो, तर पालापाचोळ्याखाली गुडघाभर उंचीची दगडी मेर लागली, शेवाळाने हिरवी पडलेली आणि दोन जागी फणसाच्या मुळांनी उचललेली. मूळ दगडांच्या आत शिरून इतके जाड व्हायला किती वर्षे लागतात, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. त्या मेरेचे फोटो, फुटांत मोजलेली तिची लांबी आणि शेजारच्या वाड्यावरील एका वृद्धेचे निवेदन एवढ्यावर त्या कुटुंबाच्या दाव्याला आकार आला.

निवेदन घेताना वर्षे विचारू नयेत, प्रसंग विचारावेत. ‘मुक्ती झाली तेव्हा ही विहीर होती का’, ‘तुमचे लग्न झाले त्या साली इथे नाचणी कोण करत होते’ अशा प्रश्नांना नेमकी उत्तरे मिळतात. सांगणारी व्यक्ती कोंकणीत बोलली तर तिचे शब्द तसेच लिहावेत, मग वाचून दाखवावेत आणि त्यानंतरच सही किंवा अंगठा घ्यावा. कुमेरीची (डोंगरउतारावरील फिरत्या शेतीची) जमीन दाव्यात घालताना पडीक ठेवलेले तुकडे वगळू नयेत, कारण आलटूनपालटून पडीक राहणारी जमीन, झाडांची लागवड, गुरे बांधण्याची व मळणीची जागा हे सगळे कसणुकीशी जोडलेले वापर म्हणून नियमांनी मान्य केलेले आहेत.

सामूहिक दाव्यात देवराई, मांड (सण-उत्सवांसाठी राखलेली गावाची पवित्र जागा) आणि स्मशानभूमी यांची नोंद विसरू नये. मांड ही गावाच्या नकाशावर मोकळी जागा दिसते, आणि तशीच ती एखाद्या दिवशी कुंपणात जाते.

ग्रामसभा, पाहणी आणि पुढच्या समित्या

दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. ग्रामसभा १० ते १५ सदस्यांची वनहक्क समिती निवडते. तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातींचे आणि किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. दावे मागवल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते, आणि कारणे नोंदवून ग्रामसभा ती वाढवू शकते. समितीकडे दावा देताना पोच घ्यावी, तिच्यावर तारीख आणि सही आहे ना ते पाहावे आणि तिची छायाप्रत दुसऱ्या घरी ठेवावी. पुढे या एका चिठ्ठीचा किती उपयोग होतो, ते खाली येईलच.

समिती वन खात्याला आणि दावेदाराला आगाऊ कळवून जागेची पाहणी करते. वन किंवा महसूल खात्याचे प्रतिनिधी हजर असतील तर त्यांनी हुद्दा, तारीख आणि शेरा यांसह सही केली पाहिजे. ते आले नाहीत आणि नंतर त्याच कारणाने हरकत घेतली, तर दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. दुसऱ्यांदाही ते गैरहजर राहिले, तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. म्हणून पाहणीची सूचना दिल्याचा पुरावा जपणे हे समितीचे पहिले काम आहे.

गोव्यात अडते ते गणसंख्येपाशी. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात, हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात, आणि दाव्यांवर ठराव करायचा असेल तर किमान निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी लागतात. अनेक वाड्यांची एकच पंचायत असली म्हणजे एवढी माणसे जमवणे कठीण जाते. काजूचा हंगाम, शिगमो आणि धालोच्या (बायकांच्या नाचगाण्याच्या उत्सवाच्या) रात्री टाळून तारीख धरावी, असे पंचायतीला लेखी कळवलेले बरे. मंजूर ठराव उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. दाव्याचा अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समितीचा असतो.

दावा फेटाळला किंवा क्षेत्र कमी केले, तर तसे कारणांसह दावेदाराला व्यक्तिशः कळवणे बंधनकारक आहे. कळल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करता येतो, आणि समितीला योग्य वाटल्यास ही मुदत आणखी ३० दिवसांनी वाढते. बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय असा अर्ज निकाली काढता येत नाही. ‘अतिक्रमणाच्या यादीत नाव आहे’ किंवा ‘पूर्वी दंड झाला होता’ एवढ्याच आधारावर दावा फेटाळला असेल, तर तो निर्णय नियमाला धरून नाही, हे अर्जात स्पष्ट लिहावे. उलट तो जुना दंड त्या साली कुटुंब तेथे होते, हेच सिद्ध करतो.

दावा चालू असताना पोलीस किंवा वनरक्षक आले तर

वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) नुसार पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वननिवासीला ताब्यातील वनजमिनीवरून हटवता येत नाही. बाचाबाची न करता पोच दाखवावी, आलेल्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा लिहून घ्यावा आणि लेखी आदेशाची प्रत मागावी. न वाचलेल्या पंचनाम्यावर सही करू नये.

अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, स्वतः अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा नसलेल्या कोणी जमिनीवरून बेकायदेशीरपणे हुसकावले किंवा तिच्या वनहक्कांच्या उपभोगात अडथळा आणला, तर अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंधक) अधिनियम, १९८९ च्या कलम ३(१)(g) खाली तो गुन्हा आहे. वनहक्कांचा स्पष्ट उल्लेख २०१५ च्या दुरुस्तीने आला आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तोंडी दिलेली तक्रार लिहून घेणे, सहीपूर्वी ती वाचून दाखवणे आणि प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य देणे हे ठाणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ते जाणूनबुजून टाळणाऱ्या लोकसेवकाला याच अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद आहे. तपास उपअधीक्षक दर्जाखालील अधिकाऱ्याकडे देता येत नाही. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचे कारण सांगून कोणतेही ठाणे तक्रार नाकारू शकत नाही, आणि महिलांना व ६० वर्षांवरील व्यक्तींना जबाबासाठी घराबाहेर बोलावता येत नाही. धनगर-गवळी कुटुंबांना गोव्यात अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही, पण संहितेचे हे संरक्षण आणि वनहक्क कायद्याचे कलम ४(५) त्यांनाही तितकेच लागू आहे. १४५६६ ही अत्याचारविरोधी राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला किंवा महिलेला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पोलिसांनाही एक मनापासून सांगावेसे वाटते. २५ मे २०११ रोजी केपे तालुक्यातील बाळ्ळी येथे आदिवासींच्या मागण्यांसाठी झालेल्या आंदोलनात आदिवासी समाजातील दोन तरुणांचा मृत्यू झाला आणि ती जखम अजून भरलेली नाही. वाड्यावर जाताना आधी गावकाराला (गावच्या प्रमुखाला) निरोप द्यावा, मांडावर बुटांसह चढू नये, धालो चालू असताना पुरुष कर्मचाऱ्यांनी तेथे जाऊ नये आणि जबाब समोरच्याच्या भाषेत घ्यावा. यासाठी वेगळा निधी लागत नाही, फक्त ठाण्यात नव्याने रुजू होणाऱ्याला हे कोणीतरी सांगावे लागते.

सनद हाती आली की

विवाहित दावेदाराची सनद, म्हणजे मान्य झालेल्या हक्काचा कागद, पती-पत्नी दोघांच्या नावे निघते. हा हक्क वारसांकडे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. त्यानंतर महसूल व वन खात्याने अंतिम नकाशा करून अभिलेखात नोंद घ्यायची असते आणि त्याची मुदत जास्तीत जास्त तीन महिने आहे. सनद घेताना पत्नीचे नाव जमातीच्या दाखल्यात आहे तसेच लिहिले आहे का, ते तपासावे. नकाशा घेऊन एकदा मळ्यात चालत जावे, आणि मेर, विहीर व गोठा रेषेच्या आत आहेत याची खात्री झाल्यावरच ताबा मिळाल्याच्या कागदावर सही करावी.